देवाकडे सुज्ञता कशी मागावी आणि रोजच्या व्यवहारात कशी वापरावी

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्याने येऊ लागलेल्या माणसाचा पहिला मोठा प्रश्न बहुधा हाच असतो: "माझ्याबाबतीत देवाची इच्छा काय आहे, हे मला कळणार कसं?" नोकरी सोडू का, हे स्थळ पुढे नेऊ का, गावाकडचं घर विकू का, आईला इकडे आणू का. प्रश्न अगदी खरा आहे, आणि तो देवाला विचारावासा वाटणं हीसुद्धा त्याचीच कृपा. पण त्या प्रश्नाच्या पोटात एक अपेक्षा असते, की देव पुढचं सगळं आधीच दाखवील आणि मग आपली चूक व्हायला जागाच राहणार नाही. या अपेक्षेने सुरुवात केली की माणूस खुणा शोधत बसतो. खुणा सापडल्या नाहीत की खचतो, आणि सापडल्या तर त्या आपल्याच मनासारख्या निघतात.

बायबलमधल्या १ राजे ३ मध्ये शलमोन राजाची गोष्ट आहे, ती आधी वाचून घ्या. गिबोन इथे देव त्याला स्वप्नात म्हणतो, "काय हवं ते माग." शलमोन दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा नाश मागत नाही. लोकांचा न्याय करता यावा, बरंवाईट ओळखता यावं, असं मन मागतो. आणि मिळालेल्या सुज्ञतेची पहिली परीक्षा कशात होते? एका घरात राहणाऱ्या दोन बायकांच्या भांडणात. एक बाळ मेलेलं, एक जिवंत, साक्षीदार कोणी नाही. खरी आई कोण हे त्याला आकाशवाणीने कळलेलं नाही. त्याने तलवार आणायला सांगून असा प्रसंग उभा केला, की आईचं काळीज आपसूक बोललं. देवाने दिलेली सुज्ञता अशी काम करते. माणसं ओळखायला, ऐकायला, योग्य वेळी योग्य ते बोलायला आणि करायला ती शिकवते.

म्हणून नव्या विश्वासणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं असतं, की मोठ्या निर्णयाची वाट पाहू नका. पैसा, जीभ आणि नातेवाईक या तीन ठिकाणी रोज सुज्ञता मागायला लागा. लग्न, नोकरी, स्थलांतर असे निर्णय आले की हाच सराव उपयोगी पडतो. ज्याने लहान गोष्टींत देवाला कधी विचारलं नाही, त्याला मोठ्या गोष्टीत त्याचा आवाज आणि स्वतःची इच्छा यांतला फरक कळणं फार अवघड जातं.

पहिली पायरी: प्रश्न एका वाक्यात लिहा

प्रार्थनेला बसण्याआधी एक वही घ्या आणि प्रश्न लिहून काढा. डोक्यातल्या डोक्यात ठेवू नका, तिथे तो रोज रूप बदलतो. "नोकरी सोडू का?" असं लिहिलंत, की खाली लिहा: "हे आजच का विचारतोय?" पुष्कळदा खरं उत्तर वेगळंच निघतं. साहेबांनी चारचौघांत अपमान केला, त्याचा राग आहे. किंवा बरोबरीच्या मित्राने फ्लॅट घेतला, ते मनाला लागलंय. मग देवाकडे नेण्याचा प्रश्नच बदलतो. अपमान झालेल्या माणसाने आधी त्या अपमानाचं काय करायचं हे विचारावं. राजीनाम्याचं नंतर बघता येईल.

त्याच पानावर आणखी एक ओळ लिहा: यातल्या कोणत्या गोष्टीवर देवाने आधीच सांगून ठेवलं आहे? लाच देऊ का, खोटा दाखला जोडू का, बायकोपासून कर्ज लपवू का, अशा गोष्टींसाठी मार्गदर्शनाची प्रार्थना करण्याची गरजच नाही. नीतिसूत्रे ११:१ मध्ये खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असं स्वच्छ लिहिलंय. परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ आहे, याचा व्यवहारातला अर्थ एवढाच, की कोणी पाहत नसताना तराजू हातात असेल तेव्हासुद्धा तो पाहतोय हे धरून चालायचं. इथे ज्याचं पाऊल अडखळतं, त्याला पुढच्या पायऱ्यांचा उपयोग होत नाही.

दुसरी पायरी: मागा

याकोबाच्या पत्रात (१:५) म्हटलंय, की कोणी ज्ञानाने उणा असेल तर त्याने देवाजवळ मागावं. तो दोष न लावता सर्वांना उदारपणे देतो. यातलं "दोष न लावता" नव्या लोकांनी मनात घट्ट धरून ठेवावं. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना काही विचारायला गेलं की आधी बोलणी बसतात: एवढंही कळत नाही का, मागच्या वेळी सांगितलं होतं ना. देव तसं करत नाही. तिसऱ्यांदा तीच गोष्ट विचारली तरी तो मागच्या दोन वेळा काढत नाही.

पुढच्याच वचनात याकोब संशयाने हेलकावणाऱ्या माणसाबद्दल बोलतो. मनात एकही शंका आली की प्रार्थना वाया गेली, असा त्याचा अर्थ घेऊन कित्येक जण घाबरतात. माझ्या समजुतीप्रमाणे याकोबाचा रोख दुहेरी मनाच्या माणसावर आहे. उत्तर आवडलं तर पाळीन, नाही आवडलं तर माझं मी बघीन, अशा बेताने जो मागतो, त्याला काही मिळेल अशी आशा धरता येत नाही. म्हणून मागताना हे उघड बोला: "प्रभू, मला यात काय हवंय ते तुला ठाऊक आहे. मला हा सौदा व्हायला हवाय. तो होऊ नये असं तुला वाटत असेल, तर ते ऐकण्याची तयारी मला दे. आणि झाला, तर मी तो कसा करावा ते शिकव." इतकी साधी प्रार्थना पुरे. भाषा अलंकारिक करायची गरज नाही.

वेळ किती द्यावा? पारसाच्या राजाचा प्यालेबरदार असलेल्या नहेम्याचं उदाहरण पाहा. राजाने विचारलं, "तुला काय हवंय?" आणि नहेम्या सांगतो, की मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं (२:४). ही प्रार्थना एका श्वासाची. पण पहिल्या अध्यायापासून महिने मोजले, तर किस्लेव ते निसान या यहुदी महिन्यांपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने तो याच गोष्टीसाठी उपास आणि प्रार्थना करत होता. ऑफिसात, रिक्षात, दवाखान्याच्या रांगेत एका वाक्याची प्रार्थना जरूर करा. मात्र रोज सकाळी दहा मिनिटं बसून केलेल्या प्रार्थनेचं पाठबळ तिला हवं.

तिसरी पायरी: शास्त्र वाचा, पण उघडेल ते पान नव्हे

डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन देवाचं उत्तर समजायचं, ही सवय लागली असेल तर आजच सोडा. वर्षाखेरच्या उपासनेत चिठ्ठीवर मिळालेलं वचन वर्षभर मनन करायला फार चांगलं, धीर मिळतो. पण "तू जाशील तिकडे मी तुझ्याबरोबर असेन" अशी चिठ्ठी निघाली म्हणून कर्ज काढून परदेशी जाणं, हा त्या वचनावर अन्याय आहे.

सुज्ञतेसाठी नीतिसूत्रांपासून सुरुवात करा. अध्याय ३१, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक अध्याय वाचण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. चांगली आहे, पण नव्या माणसासाठी मी थोडी बदलून सांगते. पहिले नऊ अध्याय म्हणजे बापाने मुलाला केलेला सलग उपदेश. ते एकेका बैठकीत वाचता येतात. दहाव्यापासून बहुतेक सुटी दोन-दोन ओळींची सूत्रं सुरू होतात. तिथे अख्खा अध्याय वाचला की संध्याकाळपर्यंत काहीच आठवत नाही. त्या अध्यायातलं आज आपल्याला लागू पडणारं एकच सूत्र निवडा, वहीत उतरवा आणि त्या दिवशी ते कुठे वापरायचं आहे ते शेजारी लिहा.

सूत्र म्हणजे सर्व प्रसंगी चालणारा कायदा नाही, हेही लगेच शिकून घ्या. २६:४ सांगतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको. लगेच पुढचं २६:५ सांगतं, दे. दोन्ही मुद्दाम शेजारी ठेवलेली आहेत. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी तुमच्या विश्वासावर खोचक बोललं, तर गप्प राहायचं की उत्तर द्यायचं? कधी हे, कधी ते. नुसती चेष्टा चालली असेल, तर उत्तर दिल्याने आपणही त्याच पातळीला उतरतो. पण त्या बोलण्याने घरातल्या एखाद्या कोवळ्या मुलाच्या मनात खोटी गोष्ट बसणार असेल, तर शांतपणे खरं सांगणं भाग आहे. प्रसंग ओळखण्याची हीच सुज्ञता मागायची.

नीतिसूत्रांबरोबर ईयोबाचं पुस्तकही वाचा. नीट वागलं की सगळं नीट होतं, असा नीतिसूत्रांतून कोणी सरधोपट अर्थ काढला, तर ईयोब तो मोडून काढतो. त्याचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसून राहिले, तोवर ते त्याचे सोबती होते. तोंड उघडून त्यांनी तत्त्वं सांगायला सुरुवात केली, आणि शेवटी देवाने त्यांना सांगितलं, की तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाही. दुःखाच्या घरी भेटायला जाताना हे पुस्तक आठवावं. कॅथलिक बायबलमध्ये सिराक आणि शलमोनाचे ज्ञान अशी आणखी दोन पुस्तकं आहेत. त्यांतला घरसंसाराबद्दलचा आणि मैत्रीबद्दलचा उपदेशही असाच हाताशी धरण्यासारखा.

आणि शुभवर्तमानं कधीच बाजूला पडू देऊ नका. पौल ख्रिस्तालाच देवाचं ज्ञान म्हणतो (१ करिंथ १:२४). कर मागणाऱ्यांना, आजाऱ्यांना, फसवायला आलेल्यांना, लहान मुलांना येशूने कशी उत्तरं दिली हे वाचत राहिलं, की आपल्या बोलण्याचा सूर हळूहळू बदलतो.

चौथी पायरी: माहिती काढा

यहोशवा ९ मधली गिबोनकरांची फसवणूक बोधप्रद आहे. जवळच राहणारे लोक फाटके जोडे, जुने बुधले आणि बुरसटलेल्या भाकरी घेऊन "आम्ही फार दुरून आलो" म्हणत आले. इस्राएलांनी त्यांची शिदोरी तपासली, पण परमेश्वराचा सल्ला घेतला नाही, आणि शपथ देऊन बसले. आपल्याकडे याच्या उलटही घडतं. माणसं तीन रात्री प्रार्थना करतात आणि सातबारा काढून बघत नाहीत. स्थळासाठी उपास धरतात, पण मुलाच्या कामाच्या ठिकाणी एक फोन करत नाहीत. दोन्ही करायचं. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे (नीतिसूत्रे १८:१३), आणि वादात पहिला बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन त्याची तपासणी करेपर्यंत (१८:१७). घरातल्या भांडणात मध्यस्थी करायची वेळ आली तर ही दोन सूत्रं पाठ हवीत.

नियोजन केलं म्हणजे विश्वास कमी पडला, असं कोणी सांगेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहा. अमेरिकेतल्या मंडळाने त्यांच्या शारदा सदनाला १० वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं. ती मुदत संपण्याआधीच त्यांनी केडगावला जमीन घेऊन फळबाग लावायला घेतली, म्हणजे पुढे संस्थेला उत्पन्न राहील. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो उपाशी मुली आणि बाया आणल्या, पुण्यात प्लेगची साथ आली, आणि त्या सगळ्यांना केडगावच्या त्याच जमिनीवर आसरा मिळाला. दुष्काळ येणार हे रमाबाईंना जमीन घेताना ठाऊक नव्हतं. समोर दिसत होतं तेवढं शहाणपणाने केलं, आणि देवाने ते त्यांच्या कल्पनेपलीकडे वापरलं.

पाचवी पायरी: सल्ला घ्या

सल्लामसलत नसली की बेत फसतात, असं नीतिसूत्रं १५:२२ सांगतं. पण शलमोनाचा मुलगा रहबाम यानेही सल्ला घेतला होता (१ राजे १२). तीन दिवसांची मुदत मागून आधी वडीलधाऱ्यांना विचारलं, मग बरोबर वाढलेल्या तरुणांना विचारलं, आणि स्वतःच्या मनात होतं तेच ज्यांनी सांगितलं त्यांचं ऐकलं. राज्य दुभंगलं. म्हणून विचारायची माणसं निवडताना जागरूक राहा. एक माणूस त्या विषयातला हवा. जमिनीसाठी वकील, आजारासाठी डॉक्टर, मग तो ख्रिस्ती असो वा नसो. दुसरा तुम्हाला जवळून ओळखणारा आणि तोंडावर खरं बोलणारा. तिसरं, प्रार्थनेत मुरलेलं एखादं माणूस, ज्याला या निर्णयातून काहीच मिळायचं नाही. महिला मंडळातल्या एखाद्या आजी या तिसऱ्या कामाला पुष्कळदा सर्वांत योग्य असतात.

पाळकांना जरूर विचारा, पण निर्णयाचं ओझं त्यांच्या डोक्यावर टाकून मोकळे होऊ नका. आणि कोणी येऊन "देवाने मला तुमच्याविषयी दाखवलंय" असं म्हणाला, तर घाबरून हो म्हणू नका. सर्व गोष्टींची पारख करा, चांगलं ते धरा, असं पौलच सांगतो (१ थेस्सल. ५:२१). त्या दर्शनाच्या मागोमाग पैशाची मागणी आली, किंवा "हे कुणाला सांगू नका" अशी ताकीद आली, तर तिथून उठा.

एकत्र बसून देवाचं मन शोधणं कसं असतं, ते प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये दिसतं. बराच वाद झाला. पेत्राने अनुभव सांगितला, बर्णबा आणि पौलाने काय घडलं ते सांगितलं, याकोबाने शास्त्र काढलं. एवढं झाल्यावर त्यांनी लिहिलं, की पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं. कुटुंबातल्या निर्णयासाठीही याच क्रमाने बसून बघा.

सहावी पायरी: याकोबाची कसोटी

आता एक कल पडू लागला असेल. तो याकोब ३:१७ ला लावून पाहा. वरून येणारं ज्ञान शुद्ध असतं, शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगं, दया आणि सत्फळं यांनी पूर्ण, अपक्षपाती, निर्दंभ. प्रत्येकाचा प्रश्न करून वहीत उत्तर लिहा. यात लपवावंसं काही आहे का? यातून भांडण पेटेल, की मिटेल? मला कोणी समजावलं तर ऐकण्याची माझी तयारी उरली आहे का? यात सर्वांत दुबळ्या माणसाचं काय होईल? माझ्या मुलाला एक माप आणि सुनेला दुसरं, असं तर नाही? शेवटचा प्रश्न आमच्या घराघरांत लागू पडतो, म्हणून तो टाळू नका.

एक अख्खं उदाहरण: जामीन राहायची वेळ

सगळ्या पायऱ्या एकत्र कशा चालतात ते या उदाहरणात बघू, कारण हा प्रसंग महाराष्ट्रात कोणावर येत नाही?

रविवारी उपासनेनंतर मावसभाऊ गाठतो. "दादा, पतसंस्थेतून पाच लाख काढतोय, टेम्पोसाठी. एक सही लागते फक्त. तू नाही म्हणणार नाहीस." आई शेजारीच उभी आहे. मावशीने तुम्हाला लहानपणी सांभाळलंय.

तिथल्या तिथे हो किंवा नाही काहीच म्हणायचं नाही. "कागद घरी पाठव, वाचतो, गुरुवारी सांगतो." एवढंच. घाईच्या पावलांनी चूक होते (नीतिसूत्रे १९:२), आणि गुरुवारपर्यंत न थांबणारं कर्ज मुळातच संशयाचं.

घरी वहीत प्रश्न लिहा. "सही करू का?" याच्या खाली: "नाही म्हणायला मी का घाबरतोय?" बहुधा उत्तर येईल: मावशी काय म्हणेल, मंडळीत काय बोललं जाईल. मग माहिती काढा. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. हप्ते थकले तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला तुमच्या नावानेही निघू शकतो. म्हणजे "एक सही फक्त" हे खरं नाही. भावाचं आधीचं कर्ज किती, टेम्पोला काम कुठलं मिळणार, हेही विचारा. मनाला लावून न घेता, प्रेमाने विचारा.

मग शास्त्र. नीतिसूत्रे ६:१-५ मध्ये शेजाऱ्याला जामीन राहिलेल्याला सांगितलंय, की डोळ्याला डोळा लागू न देता जा, विनवणी कर आणि हरिणी शिकाऱ्याच्या हातून सुटते तसा सुटून जा. २२:२७ तर विचारतं, फेडायला काही नसलं तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का काढून न्यावं? इतकं वाचून कोणी वही मिटून "नाही" म्हणेल. पण त्याच पुस्तकात ३:२७-२८ आहे: करण्याची ताकद हातात असताना गरजवंताचं बरं करायचं टाळू नको, जवळ असताना "उद्या ये" म्हणू नको.

आणि मावसभाऊ शास्त्र वाचणारा असेल, तर तो तिसरंच वचन काढील: इब्री ७:२२ मध्ये येशूला जामीन म्हटलंय, मग तू माझा होणार नाहीस? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, कारण उत्तर त्यातच आहे. येशू जामीन झाला तो किंमत ठाऊक असताना, आणि ती किंमत त्याने स्वतः भरली. पौलानेही अनेसिम या दासासाठी त्याच्या मालकाला, फिलेमोनाला, "ते माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन" असं स्वतःच्या हाताने लिहिलं. नीतिसूत्रं ज्याला मूर्खपणा म्हणतात, तो भिडेपोटी केलेला, कधी भरावं लागणार नाही या भरवशावरचा जामीन. म्हणून नियम सोपा होतो: जी रक्कम उद्या पूर्ण स्वतःच्या खिशातून, बायकोमुलांचं अंथरूण न काढता भरायची तुमची तयारी आणि ऐपत आहे, तेवढ्यावरच सही करा. पाच लाखांची ऐपत नसेल, तर सही नाही.

बायकोशी बोला, हिशेब तिचाही आहे. मंडळीतल्या एखाद्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना विचारा. गुरुवारी स्वतः भावाच्या घरी जा, मेसेज करू नका: "अरे, मी पाच लाख भरू शकत नाही, म्हणून सही करणार नाही. पण चाळीस हजार माझ्याकडून घे. परत दिलेस तर बरं, नाही दिलेस तरी मी मागणार नाही. आणि जुना टेम्पो बघायला शनिवारी मी बरोबर येतो." याकोबाची कसोटी लावून पाहा: लपवाछपवी नाही, दया आहे, सत्फळ आहे. मावशी महिनाभर बोलणार नाही कदाचित. त्या महिन्यातही तिची औषधं नेहमीसारखी नेऊन द्यायची. सुज्ञतेचा हा भाग सर्वांत कठीण असतो.

जिभेसाठी रोजचा सराव

सौम्य उत्तराने राग शमतो (नीतिसूत्रे १५:१), लाकूड संपलं की आग विझते आणि चुगली थांबली की भांडण (२६:२०). रागाने टाइप केलेला मेसेज सकाळपर्यंत पाठवू नका. फोनवर तिसऱ्या माणसाबद्दल बोलणं निघालं की विषय बदला. प्रार्थनेचे विषय सांगताना दुसऱ्याच्या घरातलं बाहेर काढू नका. प्रार्थनेच्या नावाखाली होणारी चुगली ही चुगलीच.

ठरवायचं कधी

सगळं करूनही लख्ख उजेड पडेल असं नाही. गिदोनाने लोकर ठेवून खूण मागितली ती देवाने त्याला आज्ञा स्पष्ट दिल्यानंतर. देवाने त्याच्या भीतीला सांभाळून घेतलं, पण आपल्यासाठी ती पद्धत म्हणून घालून दिली नाही. एक तारीख ठरवा. तोपर्यंत शास्त्राविरुद्ध काही आढळलं नाही, माहिती पुरी आहे, सल्ला जुळतो आणि कसोटीला उतरतंय, तर ठरवा आणि पुढे चला. माणूस मार्ग योजतो, पावलं परमेश्वर नीट करतो (नीतिसूत्रे १६:९). पौलाला आशिया या रोमी प्रांतात आणि बिथुनियात जाण्यापासून अडवलं गेलं तेव्हा तो चालतच होता, चालता चालता त्रोवसला पोहोचला आणि तिथे मासेदोनियाची हाक आली (प्रे. कृ. १६).

सोळाव्या शतकातल्या संत इग्नेशियसने दिलेला एक नियम इथे फार कामाचा आहे: मन उदास, कोरडं झालेलं असताना आधी शांत मनाने केलेला निश्चय बदलू नये. रात्री अकरा वाजता, थकलेलं असताना, भांडण झाल्यावर नोकरी सोडण्याचं किंवा मंडळी सोडण्याचं ठरवू नका.

निर्णय चुकीचा निघाला तर

निघेल कधीतरी. आधी हे ओळखा, की निकाल वाईट आला म्हणजे निर्णय मूर्खपणाचा होता असं नव्हे. ईयोबाने काय चुकवलं होतं? पण खरोखर चुकलं असेल, तर नीतिसूत्रं ६ चा सल्ला तिथेही लागू: अभिमान बाजूला ठेवून जा, बोला, सोडवून घ्या. सही करून बसला असाल, तर पतसंस्थेत जाऊन कर्जाचा तपशील मागा, भावाला हप्त्यांची पावती दर महिन्याला दाखवायला सांगा, दुसरा जामीनदार किंवा तारण देता येतं का ते विचारा. घरात लपवलं असेल तर आज सांगा. आणि पुन्हा याकोब १:५ कडे या. दोष न लावता देणारा देव पहिल्या निर्णयाआधी जसा होता तसाच आताही आहे.

वही रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं उघडा. आज कुठे देवाचं ऐकलं, कुठे ऐकूनही केलं नाही, कोणाशी बोलायचं राहिलं, एवढंच लिहा. महिनाअखेरीस ती एखाद्या वडीलधाऱ्या विश्वासू माणसाबरोबर बसून वाचा. तेच तेच नाव, तीच तीच चिडचीड पुन्हा दिसायला लागली, तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या पानावर तोच प्रश्न एका वाक्यात लिहून घ्या.